पहिल्या काठीचा मान

खोरवाडीत थापा मारण्याचा मक्ता गेणबा भोंगाकडे होता आणि त्याबद्दल गावात कुणाची तक्रार नव्हती. बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या अंगाला ही वाडी लागे. कालवा आला, त्याच्या मागोमाग ऊस आला, कांदा आला, माणसांच्या अंगात धुतलेले सदरे आले. करमणुकीला मात्र मारुतीच्या पारावर बसलेला गेणबा एवढंच साधन होतं.

गेणबा मराठा पलटणीतून बसऱ्याच्या लढाईला जाऊन आला होता. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली, पण गाव त्याला अजून बसऱ्याच म्हणे. बसऱ्याला खजुराची बी एवढी मोठी, की ती पोखरून तिची होडी करतात. तिथले डास रात्री बंदुका उचलून नेत, म्हणून पलटणीनं त्या साखळीनं बांधून ठेवल्या. तिथला उंट साहेबाला सलाम ठोकतो, पण सुभेदाराला नाही. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. ती कुठं गेली याच्या बऱ्याच कथा होत्या. एकीत सुसर होती, एकीत तुर्काची राणी. पोरं आपली आवडती कथा मागून घेत.

त्याची बायको प्रयागबाई म्हणे, "घरातलं मीठ सरंल, पर ह्यांची थाप न्हाय सरायची."

गावातली दुसरी करमणूक म्हणजे मानाचा वाद. पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी कुणाची जायची, यावरून हिंदुराव पाटील आणि आबाजी यांच्या भावक्यांत तीन पिढ्यांचं वैर होतं. मान पाटलाचा, असं पाटील म्हणत. वाडी वसवली आमच्या खापरपणज्यानं, तुम्ही मागून आलात, असं आबाजीकडचे म्हणत. हा दावा बारामतीच्या कोर्टात जाऊन आला होता. होळी पेटवायला, जत्रेचा पहिला नारळ फोडायला, तमाशात पुढच्या घोंगडीवर बसायला, सगळीकडे हा मान आडवा येई. एका लग्नात नवरदेवाला आधी हळद कुणी लावायची यावरून एवढं रामायण झालं, की मुहूर्त टळला आणि नवरदेव मांडवातच झोपी गेला.

त्या साली पावसाळ्यानंतर कालव्यापासून नवी चारी खणायचं काम निघालं आणि ते करायला वडार आले. ओढ्यापलीकडच्या माळावर त्यांनी पालं ठोकली. गाढवं, कुदळी, पहारी, पोरं. त्यांचा नाईक यल्लप्पा हा उंच, काळा, कमी बोलणारा माणूस होता. त्याची बायको दुर्गी हातात छिन्नी-हातोडा घेऊन गावात फिरे आणि गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून देई. जातं उलटं करून त्याच्या पोटावर ती एकसारखे खड्डे पाडत जाई, आणि ते चालू असताना घरातली बाई समोर बसून आपल्या सासूची गाऱ्हाणी सांगे. दुर्गीला गावातल्या झाडून सगळ्या सासवा ऐकून ठाऊक होत्या.

वडारांचं खणणं बघायला गाव लोटलं होतं. माती अशी काही मागं उडे, की वाटावं आत यंत्र बसवलंय. पारावर कुणीतरी विचारलं, "गेणबा, तुज्या बसऱ्याला असं खणनारं व्हतं का कोन?"

"न्हाय बा," गेणबा म्हणाला. "ही मान्सं न्हाईत. घुशी हाईत. रातच्याला मोजून घ्या, हितं शिरत्यात आन् इंदापुरात निघत्यात."

पार खदखदून हसला. विनोद चांगला होता, म्हणून तो टिकला. चारीवर कोण आहे? घुशी. ओढ्यावर धूर कसला? घुशींच्या भाकरी. गेणबाची आजवर एकही थाप गावानं खरी मानली नव्हती. हा विनोद मात्र मानला.

दसरा होऊन गेला, दिवाळी आली आणि एका सकाळी नव्या चारीचा बांध फुटला. आबाजीचं लावणीला आलेलं कांद्याचं रोप वाहून गेलं आणि शेताचा चिखल झाला. बांध का फुटला, याचं उत्तर साधं होतं: घुशींनी. खऱ्या, चार पायांच्या, कालव्याच्या काठी पहिल्यापासून बिळं करून राहणाऱ्या. पण चार पायांच्या घुशीवर राग काढता येत नाही; ती भांडायला थांबत नाही. आबाजी आधी पाटलावर उसळला, कारण चारी आपल्या सोयीच्या वळणानं पाटलानंच घ्यायला लावली होती. हिंदुराव पाटलानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आबाजी, माझ्यावर कशापायी? घुशींनी पोखरला त्यो."

कुठल्या घुशींनी, हे तो बोलला नाही. गरजच नव्हती.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या, म्हणजे बोलण्यात घडल्या. कुणाची शेळी सापडेना, घुशींनी नेली. ती संध्याकाळी सापडली, पण ते सांगत कुणी फिरलं नाही. पाटलाच्या पुतण्याला हिवताप आला. घुशींच्या पालाकडून वारा येतो. कळंबाकडे नवा साखर कारखाना उभा राहत होता, तिकडून आलेला एक गाडीवान म्हणाला, की तिकडंही वडार फार झालेत. फार म्हणजे किती, हे त्याला विचारलं नाही.

मग एका सकाळी पारावर तो शब्द आला. धुरी.

घूस कशी मारतात हे कालव्याकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. बिळाची सगळी तोंडं चिखलानं बुजवायची, एक ठेवायचं. तिथं गोवऱ्या पेटवून वर वाळक्या मिरच्या टाकायच्या आणि काठ्या घेऊन बाहेर उभं राहायचं. घूस खोकत बाहेर आली, की टाळक्यात. याला धुरी देणं म्हणतात. यात कुणाला काही वाईट वाटायचं कारण नाही.

"परवाच्या दिवशी तिनीसांजेला," हिंदुराव म्हणाला. "समद्या घुशी बिळात आल्या, की वड्याकडची वाट बंद करायची. गोवऱ्या आबाजीकडनं. रॉकेल अप्पा दील. मिरच्या घरटी मूठ-मूठ. काठ्या तर हाईतच."

किराणा दुकानदार अप्पा म्हणाला, "म्या नुसतं रॉकेल द्यायचं ना? येयाचं न्हाय ना?"

"तू नुसतं रॉकेल."

"मग हरकत न्हाय."

गेणबा पाराच्या कडेला बिडी ओढत बसला होता. ती त्याच्या बोटाला चटका लावेपर्यंत जळत गेली. त्यानं विझवली आणि म्हणाला, "पाटील, एक सांगू का?"

"सांग की! लई दिस झालं, डासांची गोष्ट झाली न्हाय."

"डासांची न्हाय. बसऱ्याच्या वर कूतला आमी तुर्काच्या वेढ्यात घावलो. घोडी कापून खाल्ली, मग ती बी संपली. तुर्कानं आमाला कैद केलं आन् वाळवंटातनं चालवत नेलं. रासलऐन म्हून गाव हाय, तितं रेल्वेच्या कामाला लावलं. रुळाच्या पल्याड आर्मेनी लोक बसवलं हुतं. मान्सं, बाया, पोरं. तुर्काच्याच मुलखातलं, तुर्काच्याच राजाची रयत. चुलीला चूल लागून ऱ्हायलेलं. एक सुतार हुता, एकीचं शिवनाचं यंत्र हुतं, डोक्यावर घिऊन आली हुती. रोज सकाळी शिपाई यायचं आन् त्यातलं काही घिऊन जायचं. माघारी कोन यायचं न्हाय. म्या आमच्या पहाऱ्याच्या शिपायाला इचारलं, कुठं नेता? त्यो म्हनला, रवानगी. मारतो म्हनला न्हाय. कवाच न्हाय. कारकून रवानगी लिव्हायचा, गाडीवान रवानगीची गाडी जोडायचा, गावातला एक जन रवानगीसाठी दोर इकायचा. समदे भली मान्सं हुती. आमी रुळावर गेलो तर..."

तो थांबला. रुळावर गेल्यावर काय दिसलं ते त्याला सांगता आलं नाही. आजवर त्यानं ते कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं त्याच्याजवळ त्याची वाक्यं तयार नव्हती.

आबाजी पुढं झुकला. "मग? रुळावर काय? उंट सलाम करीत हुता?"

पार फुटला. पाटलाला ठसका लागला. अप्पानं मांडीवर थाप मारली. "आरं शिवनयंत्र डोक्यावर! बसऱ्या, ही नवी काढलीस!" कुणीतरी म्हणालं, एवढी लोकं मारली असती तर वर्तमानपत्रात आलं नसतं का? कुणीतरी म्हणालं, राजा आपलीच रयत कशाला मारंल, मग शेतसारा कोन भरंल? हा मुद्दा सगळ्यांना बिनतोड वाटला.

गेणबाही हसला. एवढ्या वर्षांची सवय होती. पार हसला की तो हसे.

घरी आला तेव्हा प्रयागबाई चुलीपुढं बसली होती. त्यानं डाव्या पायावर पाणी घेतलं, तुटक्या बोटांची जागा चोळली. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"पारावरचं कानावर आलं माज्या. ते आर्मेनीचं खरं हुतं व्हय?"

"व्हय."

"आन् बोटं?"

"चालताना सडली. अनवानी चालिवलं. सुसर बिसर काय न्हाय."

प्रयागबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि सुसरीची गोष्ट तिनंही कधी नीट तपासली नव्हती.

"त्यातलं कोन वाचलं का न्हाय?" तिनं विचारलं.

गेणबा पाय पुसत बोलला. "एक अरबाची म्हातारी हुती, शेरडं राखायची. तिनं दोन पोरी तंबूत घेतल्या. शिपाई आलं, म्हनलं ह्या कोन? म्हातारी म्हनली, माज्या सुनंच्या भैनी. आन् तिला तर ल्योकच नव्हता, सून कुठनं येती? शपथ घिऊन बोलली. शिपाई माघारी गेलं."

"खोटं बोलली."

"ठरवून खोटं बोलली."

"मग तुमी खरं कशापायी सांगत बसलाव?" प्रयागबाई म्हणाली. "जन्मात एकदा खरं बोलायला गेलाव, आन् कसं बोलावं ते बी ठावं न्हाय. खोटं बोला. ते तुमाला जमतंय."

ही सूचना गेणबाला पटली. रासलऐनला त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली होती आणि तिचा अर्थ त्याला आत्ता, भाकरीचा पहिला घास मोडताना लागला. तिथं कुणीच सगळं काम केलं नव्हतं. दोरवाल्यानं दोर दिला, गाडीवानानं गाडी. प्रत्येकाकडं एकेक तुकडा होता, म्हणून कुणाच्या हाताला काही लागलं नव्हतं. खोरवाडीतही तसंच होतं: गोवऱ्या एकाच्या, रॉकेल दुसऱ्याचं, मिरच्या घरटी मूठ-मूठ. गावाला अडवणं त्याच्या बापाच्यानं झालं नसतं. तुकडे मात्र एकेक करून चोरता येण्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी तो अप्पाच्या दुकानी गेला आणि बाकड्यावर बसून रॉकेलच्या डब्याकडं टक लावून बघत राहिला.

"काय बघतोस रं?"

"डब्यावर हत्तीचं चित्र हाय का घोड्याचं, ते बघतोय."

"हत्तीचं. का?"

"आरारा." गेणबानं मान हलवली. "इंदापुरात माझ्या पलटणीतला एक गडी फौजदाराच्या कचेरीत पानी भरतोय. त्यो सांगत हुता, आता जाळपोळीच्या जागी डबा घावला, की चित्रावरनं दुकान हुडकून काढत्यात. पेटवनारा सुटतो. डबावाला आत."

"थापा मारू नगंस!"

"बरं, थाप म्हन." गेणबा उठला. "भेटाया येईन. बिड्या आनीन."

ही थाप आहे हे अप्पाला पक्कं माहीत होतं. पण थाप चुकून खरी निघालीच, तर आत आपण जाणार, बसऱ्या नाही, हेही त्याला माहीत होतं. दुपारी दुकानाला कुलूप लागलं. अप्पाच्या सासऱ्याची प्रकृती एकाएकी बिघडली होती आणि अप्पा डबा गाडीत घालून बारामतीला गेला होता. आजारी सासऱ्याला रॉकेल कशाला, असं कुणी विचारलं नाही.

मिरच्या आणि गोवऱ्यांचं प्रयागबाईनं अंगावर घेतलं. घरचा पुरुष बैल विकू शकतो, पण गोवरीला हात लावायचा तर बायकोला विचारावं लागतं. ती तिनं थापलेली असते. प्रयागबाई आडावर गेली. तिथं आबाजीची बायको शकुबाई पोहरा सोडत होती. आजूबाजूला आणखी चारजणी.

"शकुबाई, तुजं जातं कसं हाय?"

"लई गुळगुळीत झालंया. दुर्गी येती म्हनली हुती आयतवारी."

"ती न्हाय यायची आता. उद्या तिला धुरी देनार न्हवं? आता सासूच्या दातानं दळ."

बाया हसल्या. शकुबाई नाही हसली. "दुर्गीला? दुर्गीचा काय संबंद? धुरी घुशींना देनार हाईत."

"मग दुर्गी कोन?"

दोर शकुबाईच्या हातातून सरकत गेला आणि पोहरा धपकन पाण्यात पडला. तिच्या धाकट्या जावेनं विचारलं, "आन् तिचं तान्हं? ते बी घूसच?" एकजण म्हणाली, माझ्या जात्याला अर्धीच टाकी लागलीय. दुसरी म्हणाली, मी तिला माझ्या सासूचं सगळं सांगून बसलेय. पुढं सांगता येईना म्हणून तिनं घागर उचलली.

त्या दिवशी खोरवाडीतल्या एकाही घरात वाळकी मिरची शिल्लक राहिली नाही. सगळ्या बायकांनी एकाच दिवशी मसाला कुटून टाकला होता. आबाजीनं गोवऱ्या मागितल्या, तेव्हा शकुबाई म्हणाली, "वल्या हाईत." गोवऱ्या चैत्रातल्या होत्या. आबाजीनं एक उचलून वाजवून बघितली. शकुबाईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा म्हणाली, "वल्या हाईत."

तरी ठरल्या दिवशी दिवस कलताना पारावर माणसं जमली. काठ्या होत्या. काठ्या कुणाच्या बायकोच्या नसतात. कुणी डोक्याला मुंडासं घट्ट बांधून आलं होतं, कुणी नुसतं बघायला. हिंदुराव पाटलानं सामानाची चौकशी केली. गोवऱ्या ओल्या. मिरच्या कुटल्या. रॉकेल बारामतीला.

"आसं कसं समदं येका येळंला?" पाटील म्हणाला.

मागून एक पोरगा ओरडला, "पाचट हाय की! उसाचं पाचट! भडकंल बघा कसं!"

कालव्याच्या मुलखात पाचटाला तोटा नाही आणि ते कुणा बाईला विचारून आणावं लागत नाही. पारावर हालचाल झाली. दोघं-तिघं निघाले आणि बघता बघता भारे येऊन पडले. वाळलेलं, कडकडीत, काडी लागायचाच अवकाश. ओढ्यापलीकडं पालांवर चुली पेटल्या होत्या. धूर सरळ वर जात होता. गेणबाला तो दिसला, पण त्याच्याजवळच्या थापा संपल्या होत्या. पाचटाबद्दल त्याला काही सुचलं नव्हतं.

एकजण आगपेटी घेऊन पुढं झाला. गेणबाच्या नजरेला ती आगपेटी पडली आणि त्याला होळी आठवली.

"थांबा!" तो ओरडला. "आरं, रीत न्हाय का कसली? मान कुनाचा?"

सगळे वळले.

"होळी कुनाच्या हातानं पेटती? पाटलाच्या. पोळ्याला वेशीतनं पयली जोडी कुनाची? पाटलाची. मग एवढं मोठं काम गावानं काढलंया, पयली काडी आन् पयली काठी पाटलाचीच पायजे. उगं कुनी बी उठून लावली तर पाटलाचा मान कुठं ऱ्हायला? काय पाटील?"

माना डोलल्या. मुद्दा बिनचूक होता. हा गाव मानाशिवाय शिंकतही नव्हता. आगपेटी हातोहात पुढं आली आणि हिंदुराव पाटलाच्या तळहातावर येऊन बसली.

पाटलानं तिच्याकडं बघितलं. ती दोन बोटांची लाकडी पेटी होती. परवापर्यंत धुरी गाव देणार होतं. आता ती हिंदुराव देणार होता, आणि ते सगळ्यांच्या समोर.

तो खाकरला. "आसं बगा," तो म्हणाला, "मान आमचा, ते खरं. पर नुसकान कुनाचं झालं? आबाजीचं. कांदा त्याचा वाहून गेला. म्हून आजच्यापुरता... मान आबाजीला."

तीन पिढ्यांत पाटलानं आबाजीच्या भावकीला तमाशातली घोंगडी दिली नव्हती. आबाजी दोन पावलं मागं सरला.

"छे छे! पाटलाच्या आधी आमी? आसं कवा झालंया का?"

"तूच तर कोर्टात म्हनला हुतास, वाडी तुमी वसवली म्हून!"

"म्हनलो आसंल! पर निकाल तुमच्या बाजूनं लागला. कोर्टाचा मान राखाया नगं?"

"आरं मी देतोय म्हंतो ना राजीखुशीनं! घे काडी!"

"न्हाय पाटील. आमी लहान. तुमी थोरलं."

"थोरल्याचं ऐकत जावं मग! घे म्हन्तो!"

"पायावर डोकं ठिवतो, पर एवढं नगा सांगू!"

आणि आबाजी खरंच वाकला. आगपेटी दोघांच्यामध्ये चेंडूसारखी जात-येत राहिली. गेणबानं चेहरा गंभीर ठेवला आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीनं मान डोलावली. "आबाजी म्हंतोय त्यात बी दम हाय," तो म्हणे, आणि मग, "पाटलाचं बी खोटं न्हाय." कुणीतरी सुचवलं, भावकीतल्या धाकट्याला द्या. भावकीतला धाकटा गर्दीत नव्हता, आत्तापर्यंत होता. कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत आपलं नाव घालू द्यायला कुणी तयार होईना. मागं काठी घेतलेली माणसं होती, ती सगळी दुसरी काठी घालायला एका पायावर तयार होती. पहिली नव्हती.

एवढ्यात कालव्याकडून यल्लप्पा आला. उशिरापर्यंत चारीवर राहिला होता. खांद्यावर पहार, अंगभर माती. पाराजवळून जाताना त्यानं हात जोडले.

"रामराम पाटील. सभा हाय का?"

गेणबा म्हणाला, "मानाचा वाद हाय, यल्लप्पा नाईक."

यल्लप्पानं काठ्यांकडं बघितलं. पाचटाकडं बघितलं. सगळ्यांच्या तोंडांवरून त्याची नजर एकदा फिरली. काठीवाल्यांपैकी दोघंतिघं खाली बघू लागले. चारीचं काम चालू असतानाच यल्लप्पानं त्यांच्या विहिरींचा गाळ काढून दिला होता.

"मानाचा?" तो म्हणाला. "मंग चालू द्या. मानाचं मिटत न्हाय लौकर." आणि सरळ पालाकडं चालत गेला.

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. पाटलानं रागानं वळून बघितलं, पण आबाजी पुन्हा त्याच्या पायाशी वाकला होता, आणि ते बघून त्यालाही हसू आवरेना. हसताना माणसाला काठी नीट धरता येत नाही. "बगू मग उद्या," हिंदुराव म्हणाला आणि आगपेटी गपकन खिशात घातली. पाचट ज्याचं त्यानं उचलून नेलं. फुकट कशाला घालवा, गुरांखाली टाकायला होतं.

उद्या कुणी बघितलं नाही. आदल्या दिवशी आगपेटी कशी हातोहात फिरली, ते पुन्हा कुणालाच आठवायचं नव्हतं.

रविवारी दुर्गी टाकी लावायला आली. प्रयागबाईचं जातं उलटं करून तिनं छिन्नी टेकवली आणि घाव घालायला लागली. मग ती वर न बघता म्हणाली, "आमी गाढवं भरून ठेवली हुती. दोन पोरं तर म्होरं काढून दिली हुती कळंबाच्या रस्त्यानं."

"तुमाला कळलं हुतं?"

"कळतंया. पयल्यांदा नाव जातंया. नाव गेलं, की आमी दोर सैल करून ठेवतो पालाचं." तिनं कपच्या फुंकरीनं उडवल्या. "मागच्या गावात उंदरं म्हनायचे. तितनं रातोरात निघालो."

प्रयागबाईनं सासूचं गाऱ्हाणं सांगितलं नाही. सासू मरून दहा वर्षं झाली होती. तिनं चहाला आधण ठेवलं.

गेणबा बाहेर अंगणात दोर वळत बसला होता. ते नाव, घुशी, त्यानंच पारावर काढलं होतं; त्यानं मान वर केली नाही. थोड्या वेळानं आबाजी आला आणि उंबऱ्याशी घुटमळला. आतून छिन्नीचा आवाज येत होता. तो ऐकून तो अंगणाच्या कडेला, जरा लांब, उकिडवा बसला.

"गेणबा," तो म्हणाला, "ते रासलऐनचं... तितं पयली काठी कुनी घातली?"

"का?"

"आसंच."

गेणबानं दोराला पीळ दिला. "म्या लई जनाला इचारलं. शिपायाला इचारलं, कारकुनाला इचारलं. समदे म्हनले, आमी आलो तवा सुरूच हुतं."

आबाजीनं धोतराची धूळ झटकली. मग उठताना म्हणाला, "आन् ती खजुराच्या बीची होडी?"

"ती खरी," गेणबा म्हणाला. "आईच्यान."

नव्या टाकीच्या जात्यावरचं पहिलं पीठ कचकचीत निघतं. बारीक खडी त्यात मिसळते. शहाणी बाई ते गुरांना घालते. पण त्या आठवड्यात दुर्गीनं गावातली बरीच जाती एका दमात उरकली होती आणि गुरं एवढं खाईनात. त्यामुळं खोरवाडीनं काही दिवस दातांत खडी चावत भाकरी खाल्ली. हिंदुराव पाटील पहिल्याच घासाला बायकोवर ओरडला. ती म्हणाली, "नगं आसंल तर सोडा. पयला घास घ्यायचा मान तुमचा, म्हून वाढला."